म्हातारचळ म्हणण्याआधी

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय आहे म्हातारपणी बाईच्या मनात काय काय बदलतं. विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच एकीनं विचारलं, "ताई, मारहाणीच्या, टाकून दिल्याच्या, पोटगीच्या केसेस संपत नाहीत. त्यात हे म्हातारपण कुठून काढलं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या केंद्रात म्हातारी बाई येते ती बहुतेक वेळा आरोपी म्हणून येते. सून तक्रार मांडते, सासूचं नाव घेते, आपण सुनेच्या बाजूनं उभ्या राहतो. ते बरोबरच आहे. पण ही सासू एकेकाळी सूनच होती ना? १९७२-७३ साली शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्या वेळी विशीत असलेल्या त्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या. म्हणजे चळवळीच्या बायकाही म्हाताऱ्या झाल्या. त्यांचं काय चाललंय, हे आपण विचारत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, त्यात बायका सव्वापाच कोटींच्या वर. पुरुषांपेक्षा जास्त. बाई नवऱ्यापेक्षा वयानं लहान असते आणि जगतेही जास्त, म्हणून आयुष्याचा शेवटचा पल्ला बहुतेक बायकांना नवऱ्याशिवायच चालावा लागतो. ही बायकांचीच बाब आहे. ती स्त्रियांच्या संघटनेनं नाही घ्यायची तर कोणी घ्यायची?

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईच्या वागण्यात काही फरक दिसला, की तयार शब्द हाताशी असतात. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ लागला. डोकरी हेकट झाली. डोकरीले काय कयस! एकदा असा शब्द लावला की पुढे कोणी काही विचारत नाही, कारण स्वभावाला औषध नाही असं आपण मानतो. मला आज एवढंच सांगायचंय की ज्याला आपण म्हातारीचा स्वभाव म्हणतो, त्यात चार निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, वयाचा बदल. दोन, दुःख. तीन, आजार. आणि चार, घरातली जागा जाणं. चारही बाहेरून सारख्याच दिसतात. बाई गप्प होते, चिडते, रडते, संशय घेते. पण चारींवर उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून नाव ठेवण्याआधी निवडायला शिकायचं. धान्य निवडतो तसं.

पहिली गोष्ट वयाची. वय वाढलं की काही फरक सगळ्यांनाच पडतात. ओळखीच्या बाईचं नाव जिभेवर येऊन अडतं. एका वेळी दोन कामांकडे लक्ष राहत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पण शब्दांचा साठा, माणसांची पारख, कोणत्या दुखण्याला काय द्यायचं, कोणत्या घरात मुलगी द्यायची नाही, हे शहाणपण टिकून राहतं. विसरणं म्हणजे वेड नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे विसरलं तर काळजी नको. चष्मा कशासाठी असतो हेच आठवेना, तर काळजी करायची.

इथेच कानांचं सांगते. ऐकू कमी यायला लागलं की बाई भलतंच उत्तर देते. घरचे हसतात. दोनदा हसले की ती बोलणंच सोडते. मग घरात म्हणतात, डोकरी घुमी झाली. तसंच डोळ्यांचं. मोतीबिंदूनं दिसेनासं झालं की तांदळातले खडे दिसत नाहीत, चहात साखर दोनदा पडते, आणि बोल बसतो बुद्धीला. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. निम्म्या घरांतली निम्मी भांडणं तिथेच मिटतील असं मला अनुभवावरून वाटतं.

वयाबरोबर मनात जे बदलतं ते सगळं वाईटच असतं असंही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं, की पुढे वेळ थोडा आहे हे जाणवायला लागलं की माणूस गोतावळा आपण होऊन कमी करतो. नवी ओळख, मोठेपणा, लोक काय म्हणतील, याची ओढ ओसरते आणि जवळच्या दोन-चार माणसांत जीव गुंततो. राग-लोभाच्या लाटाही तरुणपणाइतक्या उसळत नाहीत. आपल्या आजूबाजूला बघा. वाड्यातल्या प्रत्येक भांडणात पुढे असणारी बाई पासष्टीनंतर ओट्यावर बसून नुसती ऐकते. लग्नाला गेली नाही तरी तिला हुरहूर लागत नाही. हे उदास होणं नाही, ही निवड आहे. तिला ओढून-ताणून समारंभाला नेण्यापेक्षा तिच्या जिवाभावाच्या बालमैत्रिणीकडे नेऊन सोडा.

दुसरी गोष्ट दुःखाची. म्हातारपणी माणसं एकामागून एक जातात. नवरा जातो हे सगळ्यांना दिसतं. पण बाईचं आणखी एक दुःख असतं, ते कोणी मोजत नाही. आपल्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. झोका बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस सासर विसरतात. साठीची बाईसुद्धा आखाजीची वाट बघते, भाऊ न्यायला येईल म्हणून. मग एका वर्षी भाऊ जातो. भावजय बोलावते एखाद-दोन वर्षं, पुढे भाचे विसरतात. कोणी भांडत नाही, कोणी काही बोलत नाही, पण बाईचं माहेर संपतं. नवऱ्याच्या मरणाला तेरा दिवस असतात. माहेर संपल्याचं सुतक कोणी पाळत नाही. आखाजीच्या आसपास आई किंवा सासू विनाकारण चिडचिड करायला लागली, तर कारण विचारा. कारण असतं.

वैधव्याबद्दल दोन शब्द. ज्या बाईचा नवरा चांगला होता तिचं रडणं लोकांना समजतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं मार खाल्ला तिचं काय? तो गेल्यावर तिला सुटल्यासारखं वाटतं. मग सुटल्यासारखं वाटलं म्हणून अपराधी वाटतं. आणि तरीही आयुष्यभराची सवय तुटल्याचं दुःखही असतंच. तिन्ही एकदम. अशी बाई रडत नाही म्हणून लोक बोलतात, आणि सहा महिन्यांनी रडायला लागली की म्हणतात, आता कसलं रडू? आपल्या समुपदेशनात अशा बाईला "रड" किंवा "रडू नकोस" असं काहीच सांगायचं नाही. तिच्या मनात जे तिन्ही आहे ते बोलायला जागा द्यायची.

आणि त्या दुःखावर आपण रूढीचं मीठ चोळतो. हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, नातवाच्या लग्नात मांडवाच्या कडेला बसवायचं. ज्या नातवाला तिनं न्हाऊमाखू घातलं, त्याच्या हळदीला तिचा हात चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कागद झाला. आपल्या गावात काय झालं? कानबाईच्या रोटांना घरातल्या विधवा आजीला पुढे बसवलं, असं किती घरांत घडलं? हे आपण आपापल्या भाऊबंदकीत विचारायचं आहे.

तिसरी गोष्ट आजाराची. इथे जरा सविस्तर बोलते, कारण इथे उशीर झाला तर नुकसान होतं.

उदासीनतेचा आजार, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, तो म्हातारपणाचा भाग नाही. तो आजार आहे आणि तो बरा होतो. २०१७-१८ साली देशभरात ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची पाहणी झाली. साठीपुढच्यांना नीट प्रश्न विचारून पाहिलं, तेव्हा शंभरातल्या सुमारे आठ जणांत या आजाराची लक्षणं सापडली. पण डॉक्टरांनी आजार ओळखलाय असं सांगणारे शंभरात एकसुद्धा भरले नाहीत. म्हणजे दहा आजाऱ्यांतल्या नऊ जणांचा आजार कोणाला माहीतच नाही. त्यांना घरात काय म्हणत असतील? रडकी. कामचुकार. सोंगाडी.

आपली बाई "मला उदास वाटतं" असं म्हणत नाही. ती अंगाचं सांगते. हातपाय गळतात, डोक्यात मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, जीव कशात लागत नाही. मग सलाईन लावतात, ताकदीची इंजेक्शनं होतात, पैसे जातात. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, "देवानं मला न्यावं" हे पुन्हापुन्हा येत असेल, तर ते मनाच्या डॉक्टरचं काम आहे. "मला जगायचं नाही" हे म्हातारीचं नेहमीचंच बोलणं आहे असं समजून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "मावशी, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार येत नाही. उलट, सांगायला वाट मिळते. आणि कीटकनाशकाचा डबा घरात असेल तर कुलपात ठेवा. कापसाच्या मुलखात हे सांगावं लागतं. डॉक्टरकडे गेल्यावर रक्तही तपासून घ्या. थायरॉइडचा दोष, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणं, किंवा आधीच चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम, यांनीही असंच होतं.

दुसरा आजार स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सात-साडेसात जणांना तो असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालाय. एकूण ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त. तो हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. चाळीस वर्षं केलेली भाजी करताना पुढची पायरी आठवत नाही, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते, तेच ते पुन्हा विचारलं जातं. तो पुरता बरा करणारं औषध अजून नाही. पण निदान झालं की घरच्यांचा राग कमी होतो, आणि ते फार मोठं काम आहे.

या आजारात संशय येतो. "सुनेनं माझे डाग चोरले." बाई स्वतःच ठेवलेली पोत विसरते आणि मेंदू ती रिकामी जागा चोरीनं भरून काढतो. अशा वेळी सुनेनं वाद घालू नये, "चला, आपण दोघी शोधू" म्हणावं. पण मैत्रिणींनो, इथे आपण सावध राहायचं. कधीकधी डाग खरंच चोरलेले असतात. म्हातारी विसरते ही सबब पुढे करून अंगावरचे दागिने काढून घेतल्याची उदाहरणं आपण पाहिली आहेत. म्हणून आजार मानण्याआधी एकदा पेटी उघडून बघायची.

तिसरं, एकदम झालेला भ्रम. काल नीट बोलणारी बाई आज असंबद्ध बोलते, माणसं ओळखत नाही, रात्री उठून निघते. हे म्हातारपणही नाही आणि बाहेरची बाधाही नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, साखर कमी-जास्त होणं, शरीरातलं मीठ-पाणी घटणं, यांनी ते होतं. आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो हे मी सांगायला नको. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी जाणवते. बायका तर रात्री उठावं लागू नये, संडास लांब आहे, म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. अशा बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. कारण सापडलं की बहुतेक वेळा ती पूर्ववत होते.

आणि तिला भगताकडे नेलं तर काय होतं, हे सातपुड्याच्या भागात काम करणाऱ्या बायकांना विचारा. एकटी राहणारी, पुटपुटणारी, रात्री हिंडणारी म्हातारी तिथे डाकीण ठरते. मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही गेले आहेत. बऱ्याचदा तिच्या नावावर थोडी जमीन असते, हेही लक्षात घ्या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्या व्यक्तीवर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन तिला छळणं हा गुन्हा आहे. पोलिसांकडे जाताना या कायद्याचं नाव घ्या.

चौथी गोष्ट घरातल्या जागेची. ही आपल्या कामाच्या गाभ्याशी आहे.

पुरुष निवृत्त होतो. त्याला सत्कार, शाल-श्रीफळ, पेन्शन. शेतकरी असला तरी सातबारा त्याच्या नावावर असतो, त्यामुळे मुलं विचारतात. बाईला निवृत्ती नाही. तिचं दोनपैकी एक होतं. एकतर नातवंडं, दळण, निवडणं-टिपणं सगळं तिच्यावरच राहतं. नाहीतर स्वयंपाकघर एका दिवसात हातातून जातं. डब्यांच्या जागा बदलतात, आणि आपल्याच घरात मीठ कुठे आहे हे तिला विचारावं लागतं. बाईची सारी सत्ता किल्लीत आणि मुलात होती, कारण जमिनीत, पैशात, निर्णयात तिला कधी वाटा मिळालाच नव्हता. ती दोन्ही सुटली की हातात काही उरत नाही. मग ती हट्ट करते, टोचून बोलते, खाण्यावर रुसते. ज्या हत्यारांनी ती लढते ती तेवढीच उरलेली असतात. सुनेला त्याचा त्रास होतो हे खरं. पण दोघींचं भांडण एका किल्लीवरून आहे आणि घर तिसऱ्याच्या नावावर आहे, हे दोघींना दाखवायचं काम आपलं.

धुळे जिल्ह्यातल्या एका गावात सत्तरीपुढची एक बाई मला भेटली. तिघा मुलांत वाटण्या झालेल्या. बैल, भांडी वाटली तशी आईही वाटली. चार-चार महिने एकेकाकडे. ती पत्र्याची एक पेटी घेऊन फिरते. म्हणाली, "माले आते कोनी इचारत नही." पोटाला मिळतं, औषध मिळतं. पण कुठल्याही घरात ती पाहुणी. थोरल्याकडे लावलेली तुळस धाकट्याकडे नेता येत नाही. काही घरांत तर बाप एकाकडे आणि आई दुसऱ्याकडे, पन्नास वर्षांच्या संसारानंतर ताटातूट. जळगावकडची दुसरी तऱ्हा. मुलं सुरत, नाशिक, पुण्याला, आणि केळीच्या गावात मोठ्या घराला एकटी बाई. फोनवर नातू दिसतो, पण त्याला मराठी नीट येत नाही आणि तिला मोबाइल लावता येत नाही. या बायकांना उदासीनतेच्या गोळ्या लागतीलही. पण नुसत्या गोळीनं पेटीतलं घर पेटीबाहेर येणार नाही.

आता सुनेविषयी. म्हाताऱ्यांच्या मनाचा विचार करा असं म्हटलं की सगळा भार पुन्हा सुनेच्या डोक्यावर जाण्याची भीती असते. ते आपल्याला होऊ द्यायचं नाही. भ्रम झालेल्या बाईला न्हाऊ घालणं, कपडे बदलणं, रात्र जागणं हे हाडं मोडणारं काम आहे. ते करणारी बाई स्वतः आजारी पडते. आई मुलाचीही आहे. औषधाच्या वेळा सांभाळणं, दवाखान्यात नेणं, रात्रीची एक पाळी करणं, हे मुलानं केलं पाहिजे. आणि लेकीनंही, नुसतं फोनवरून सल्ले न देता. चार तास कोणी शेजारीण येऊन बसली तर सून झोपू शकते. अशा पाळ्या लावणं हे बचत गटांना जमण्यासारखं काम आहे.

जळगावात उभं राहून बोलायचं आणि बहिणाबाई चौधरींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. पण आज त्यांच्या गाण्यांविषयी बोलत नाही. १८८० साली जवळच्या आसोद्यात जन्म, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुलं, आयुष्यभर शेत आणि घर. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात होत्या, तेव्हा ते मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं, आणि २०१८ पासून इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मला यात एवढंच दिसतं, की घरातल्या कोणीतरी बाईचं बोलणं ऐकण्याजोगं मानलं. किती डोकऱ्यांचं बोलणं पुटपुटणं म्हणून गेलं असेल? प्रत्येक म्हातारी कवयित्री नसते. पण आयुष्य उलगडून सांगायची गरज प्रत्येकीला असते. जे झालं ते का झालं, त्यातलं माझं काय, हे जुळवून पाहिल्याशिवाय मन निवांत होत नाही. तेच तेच सांगते असं आपण म्हणतो, तेव्हा ती बहुतेक हेच जुळवत असते. पुढच्या वेळी अडवू नका, "मग पुढे काय झालं?" असं विचारा.

शेवटी कामाच्या गोष्टी. वह्या काढा.

एक. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा. अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. कायद्यात महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्चाची तरतूद आहे. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकावर जबाबदारी येते. बाईला स्वतः जमत नसेल तर तिनं अधिकार दिलेली संस्था तिच्या वतीनं अर्ज करू शकते. म्हणजे आपण करू शकतो. पूर्वीच्या १२५ कलमाखालची आईवडिलांची पोटगीही आहेच. १ जुलै २०२४ पासून ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमात आली आहे.

दोन. अंगठा. बाईला सांगा, जिवंतपणी घर-जमीन बक्षीसपत्रानं देऊ नकोस. मृत्युपत्र कर, ते हवं तेव्हा बदलता येतं. दिलंच बक्षीसपत्र, तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहून घे. मग सांभाळ झाला नाही तर २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ते रद्द करून मागता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र असंच रद्द केलं. आणि नवरा गेल्यावर, त्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या मालमत्तेत बायकोला मुलांबरोबरीचा हिस्सा आहे, १९५६ पासून. वारसनोंदीत तिचं नाव लागलंय का, हे तलाठ्याकडे जाऊन बघा.

तीन. हातात पैसा. ६५ वर्षांपुढच्या निराधार बायकांना श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. २०२४ ला सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ च आहे. तेव्हा तो आधार थांबायच्या सुमारास श्रावणबाळचा अर्ज तहसीलमध्ये गेलेला असावा. पासबुक आणि एटीएमचं कार्ड बाईजवळच राहील हे बघा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. डोकरीला एकटीला बसू द्या, जाऊ द्या बहिणीकडे.

चार. दोन फोन नंबर. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. मनाच्या आजारासाठी १४४१६. दोन्ही मोफत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे आणि जळगावचं, ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या हाताशी आहेत. मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी, किती वाजता, हे प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्तीनं विचारून भिंतीवर लिहून ठेवायचं.

आणि आपल्या केंद्राच्या नोंदवहीत एक बदल सुचवते. सुनेची तक्रार लिहून घेतो तेव्हा सासूविषयी पाच रकाने भरायचे. वय काय, ऐकू-दिसायला येतं का, झोप-भूक कशी आहे, घरात अलीकडे कोण गेलं, आणि तिच्या स्वतःच्या नावावर काय आहे. याचा अर्थ सासूनं केलेला छळ माफ असा नाही. मारलं असेल तर गुन्हा नोंदवायचाच. पण या पाच रकान्यांतून कळेल की आपल्यापुढे दुष्टपणा आहे, आजार आहे, की एक रिकामे हात आहेत. तीन महिने हे करून बघू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपली वही आणा, आणि जमलं तर गावातली एक डोकरीही. तिच्याविषयी आपण पुष्कळ बोललो. पुढच्या वेळी तिला बोलू देऊ.